व्यसनाचं निदान: आधी तारखा विचारा, लेबल नंतर लावा

माझ्या ओपीडीत रेफर होऊन येणाऱ्या चिठ्ठ्यांवर एक ओळ ठरलेली असते, "नोन अल्कोहोलिक, प्लीज डू द नीडफुल". संपलं. काय पितो, किती, कधीपासून, शेवटचा पेग कधी घेतला, बंद केल्यावर काय झालं, यातलं एक अक्षर नसतं. दुसऱ्या प्रकारची चिठ्ठी असते "युरिन पॉझिटिव्ह, ॲडिक्ट आहे". आणि तिसरा प्रकार म्हणजे आई-वडील मुलाला हाताला धरून आणतात आणि मुलगा खुर्चीत बसायच्या आत सांगतात, मॅडम याला व्यसन लागलंय. मुलाने वर्षभरात तीनदा गांजा ओढलेला असतो.

तिन्हीत चूक तीच आहे, निष्कर्ष आधी आणि माहिती नंतर. म्हणून पुण्यात इतकी वर्षं ओपीडी करताना जो क्रम माझ्या हाताला बसलाय तो इथे लिहितेय. हे मुख्यतः नवीन रेसिडेंट, फॅमिली डॉक्टर आणि कौन्सेलर लोकांसाठी आहे. घरच्यांनी वाचायला हरकत नाही पण वाचून घरीच निदान करू नका, आणि दारू तर अचानक अजिबात बंद करू नका, का ते पहिल्या टप्प्यातच आहे.

## तयारी

पहिल्या भेटीला पाऊण तास धरा. ओपीडीत एवढा वेळ मिळत नाही हे मलाही माहितीये, पण दहा-दहा मिनिटांच्या दोन-तीन भेटीत विभागून घ्या, एका दहा मिनिटांत उरकू नका. दार बंद होणारी खोली हवी. पडद्यामागे पुढचा पेशंट बसलेला असताना कोणी खरं सांगत नाही, मी पण नसतं सांगितलं.

टेबलावर काय ठेवायचं: बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, असेल तर ब्रेथ ॲनालायझर, क्वार्टरची (१८० मिली) रिकामी बाटली, स्टीलचा एक पेला, मोजमापाचा कप, आणि कालनिर्णय. हो, कालनिर्णयच, मोबाईलमधलं कॅलेंडर नाही. ते का हे तिसऱ्या टप्प्यात कळेल.

पेशंटला आधी एकट्याला भेटा, मग नातेवाइकांना वेगळं, मग दोघांना एकत्र. उलटा क्रम केला की पेशंटच्या दृष्टीने तुम्ही बायकोच्या पार्टीत गेलात. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगा: "तुम्ही जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय घरी किंवा ऑफिसात जाणार नाही, फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मला बोलावं लागेल." मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ मध्ये कलम २३ खाली गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, आणि दारू-ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. कंपनीच्या एचआरचा फोन आला "रिपोर्ट पाठवता का", तर उत्तर नाही असंच आहे.

थांबा आणि तपासा: पेशंट आत्ता नशेत आहे का? बोलताना जीभ अडखळतेय, वास येतोय, तर आज फक्त पहिला टप्पा करा. नशेत घेतलेली हिस्टरी उद्या त्यालाच आठवत नाही.

## टप्पा १: पहिली पाच मिनिटं जीव वाचवायची

निदानाच्या आधी एकच प्रश्न: "शेवटचं कधी घेतलं? दिवस आणि वेळ सांगा." तास मोजा.

दारूचं विड्रॉवल, म्हणजे बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास, शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासात सुरू होतं, हात कापणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप नाही. फिट यायचा धोका साधारण ६ ते ४८ तासात. आणि डिलिरियम ट्रेमेन्स (थरथर, भास आणि गोंधळलेपणा असलेलं जीवघेणं विड्रॉवल) बहुतेक वेळा ४८ ते ९६ तासांच्या मध्ये, म्हणजे सगळ्यांना वाटतं आता सुटला, तेव्हा. हात पुढे करायला सांगा, बोटं फाकवून, त्यावर एक कागद ठेवा, कागदाची थरथर डोळ्यांना लगेच दिसते. पल्स, बीपी, ताप, शुगर बघा. सीवा-एआर (CIWA-Ar) हा १० मुद्द्यांचा, ६७ पर्यंतचा स्केल वापरा, पण लक्षात ठेवा की तो विड्रॉवलची तीव्रता मोजायला आहे, व्यसन आहे की नाही ते तो सांगत नाही.

माझी स्वतःची चूक सांगते. रेसिडेन्सीत असताना ऑर्थोच्या वॉर्डातून कॉल होता, मांडीचं हाड मोडलेला पन्नाशीचा माणूस, "झोप लागत नाही". मी विचारलं दारू घेता का काका, तो म्हणाला कधीतरी, कार्यक्रमाला. मी "ऑकेजनल" लिहिलं आणि झोपेची गोळी देऊन निघाले. तिसऱ्या रात्री तो ट्रॅक्शन ओढून काढत होता आणि चादरीवरच्या मुंग्या वेचत होता, ज्या नव्हत्याच. बायको बाहेर बाकड्यावर बसली होती. म्हणाली, "रोज दोन क्वार्टर लागतात त्यांना, पण मला कोणी विचारलंच नाही." तो वाचला. तेव्हापासून "कधीतरी" हा शब्द मी हिस्टरीत लिहीत नाही.

बाकीचे पदार्थ थोडक्यात. ब्राऊन शुगर किंवा इतर ओपिओइड (अफूच्या जातीचा पदार्थ) असेल तर जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, पाय दुखणं, मोठ्या झालेल्या बाहुल्या. त्याला कॉव्ज (COWS) हा ११ मुद्द्यांचा स्केल आहे. त्रास भयंकर होतो पण दारूसारख्या फिट सहसा येत नाहीत. झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्यांकडे मात्र दारूइतक्याच गांभीर्याने बघा, अचानक थांबवल्या की फिट येऊ शकते, आणि डायझेपामसारख्या लांब चालणाऱ्या गोळीचं विड्रॉवल सुरू व्हायलाच आठवडा लागू शकतो, त्यामुळे "चार दिवस झाले, काही झालं नाही" यावर विसंबू नका.

सावधान: गोंधळलेला, चालताना झोकांड्या जाणारा, डोळ्यांची हालचाल बिघडलेला दारूचा पेशंट म्हणजे वर्निके (थायमिन कमी पडून मेंदूला होणारी इजा) धरूनच चाला. तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही, एक दिसलं तरी पुरे. सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी किंवा निदान सोबत तरी थायमिन (व्हिटॅमिन बी१) द्या, पण शुगर खरंच कमी असेल तर थायमिनसाठी ग्लुकोज अडवून ठेवू नका. आणि प्यायलेला माणूस गुंगीत असला तर डोक्याला मार लागलाय का हे बघितल्याशिवाय "उतरेल सकाळी" म्हणू नका.

## टप्पा २: तंबाखूपासून सुरुवात, मग वर चढा

पहिलाच प्रश्न "ड्रग्ज घेता का?" असा टाकला की उत्तर "छे छे" येतं आणि पुढचा अर्धा तास ते निभावण्यात जातो. मी चहापासून सुरू करते. दिवसात किती कप? मग तंबाखू, मावा, गुटखा, सिगरेट. मग बिअर. मग कडक. मग झोपेच्या गोळ्या, कफ सिरप, दुखण्याच्या गोळ्या, त्यात ट्रामाडोल आणि टॅपेन्टाडोल नाव घेऊन विचारा. मग गांजा, मग एमडी, पावडर. लहान मुलं असतील तर सोल्यूशन आणि व्हाइटनर. पायऱ्या चढत गेलं की माणूस पण सोबत चढतो. (चहाबद्दल काळजी नको, कॅफिन विड्रॉवल डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, आहे पण कॅफिन यूज डिसऑर्डर हे अधिकृत निदान नाही, त्यामुळे अमृततुल्यचे निम्मे गिऱ्हाईक बचावले.)

"घेता का" असं विचारण्यापेक्षा "किती घेता" विचारा. आणि बायकांना विचाराच. मशेरी तर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही कारण ते व्यसन वाटतच नाही, दात घासणं वाटतं. एक मावशी डिप्रेशनसाठी माझ्याकडे वर्षभर येत होत्या, मशेरी दिवसातून सहा वेळा, आणि ते मला त्यांच्या सुनेकडून कळलं.

स्क्रीनिंगसाठी, म्हणजे पहिल्या चाळणीसाठी, तीन प्रश्नावल्या पुरतात. केजचे (CAGE) दारूबद्दलचे चार प्रश्न, दोन "हो" आले तर पुढे खोलात जा. ऑडिटचे (AUDIT) १० प्रश्न, एकूण ४० गुण, ८ किंवा जास्त म्हणजे धोक्याचं पिणं, २० आणि वर गेलं तर डिपेंडन्सची (पदार्थाशिवाय चालेनासं होण्याची) शक्यता बरीच. बाकी सगळे पदार्थ एकत्र बघायला डब्ल्यूएचओचं असिस्ट (ASSIST), ज्यात दारूला ११ पासून आणि इतर पदार्थांना ४ पासून मध्यम धोका सुरू होतो, २७ पासून दोन्हीकडे जास्त.

नेहमीची चूक: स्क्रीनिंगचा स्कोअर म्हणजे निदान नाही. केज तर आयुष्यभराचं विचारतो. आठ वर्षं थेंबही न घेतलेला माणूस चारपैकी चार देईल, आणि देतोही, अभिमानाने.

## टप्पा ३: कालनिर्णय उघडा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि सगळे हाच गाळतात.

"किती वर्षांपासून?" या प्रश्नाला "झाली दहा-बारा" हे उत्तर मिळतं, त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी कालनिर्णय पुढे ठेवायचं आणि सण धरून मागे जायचं. आपल्याकडे वर्षाला खुंट्या ठोकलेल्याच आहेत: पालखी पुण्यात मुक्कामाला आली तेव्हा, गटारी, श्रावण, गणपती, दसरा, दिवाळी, थर्टी फर्स्ट, धुळवड, मुलांच्या परीक्षा, गावची जत्रा. प्रत्येक खुंटीला विचारा, त्या आठवड्यात किती दिवस, दिवसाला किती, कोणासोबत. माणसाला तारीख आठवत नाही पण गटारीला कुठे बसलो होतो ते नक्की आठवतं.

आणि श्रावण! श्रावण म्हणजे आपल्याला फुकटात मिळालेली टेस्ट आहे. जवळजवळ प्रत्येक जण छाती पुढे काढून सांगतो, "मॅडम मी श्रावण कडक पाळतो, गणपती विसर्जनापर्यंत हात लावत नाही, व्यसन असतं तर जमलं असतं का?" इथे बरेच डॉक्टर मान डोलावतात आणि पुढे जातात. तुम्ही थांबा. परवा एका रिक्षावाल्या दादांशी झालेलं बोलणं साधारण असं होतं:

"श्रावणाचा पहिला दिवस कसा गेला, दादा?"
"पहिला? गेला की. जरा चिडचिड."
"दुसऱ्या दिवशी रिक्षा काढली होती?"
"नाही. अंगात कणकण होती. दोन-तीन दिवस घरीच."
"हात?"
"हात काय, तो जरा कापतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचो."
"दरवर्षी असंच होतं?"
"आधी नव्हतं. दोन-तीन वर्षं झाली."
"आणि झोप?"
"त्या चार-पाच रात्री? डॉक्टरकडून गोळी आणतो ना."

म्हणजे विड्रॉवल आहे, ते केव्हापासून आहे तेही कळलं, आणि दारूच्या जागी गोळी येतेय हेही कळलं. विसर्जनाच्या रात्री काय होतं ते पण विचारा, एक क्वार्टर की सलग तीन दिवस. महिनाभर बंद ठेवता येणं आणि सुरू केल्यावर थांबता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, निदान दुसरीवर जास्त अवलंबून आहे. माळ घातलेल्यांचंही तसंच, माळ कधी घातली, कधी उतरवली, का उतरवली, ते तिन्ही लिहा.

या टाइमलाइनवरच दुसऱ्या रंगाच्या पेनाने मूड, भास, संशय, झोप, नोकरी, भांडणं, ॲक्सिडेंट टाका. सहाव्या टप्प्यात हाच कागद लागणार आहे.

आता माप. "दोन पेग" याला अर्थ नाही. पेशंटला स्टीलचा पेला द्या, बाटलीतलं पाणी ओतायला सांगा, "तुमचा एक पेग दाखवा". हिंजवडीत काम करणाऱ्या एका मुलाने अगदी सहज ओतलं, मी कपात मोजलं, ११० मिली निघालं. तो स्वतःच हसला, मग हसायचा थांबला. स्टँडर्ड ड्रिंक साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचं धरतात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमचे ३० मिली म्हणजे एक, त्यामुळे ९० म्हणजे तीन, क्वार्टर म्हणजे सहा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार, आणि लोक म्हणतात "मी फक्त बिअर घेतो". देशीचं लेबल वाचा, अंदाज करू नका. हातभट्टीची असेल तर मोजमापाचा नादच सोडा, किती फुगे आणि प्यायल्यावर काय होतं एवढंच लिहा.

## टप्पा ४: अकरा प्रश्न, पण माणसाच्या भाषेत

डीएसएम-५ मध्ये (२०१३ ची) ११ निकष आहेत आणि गेल्या १२ महिन्यांत किती बसतात ते मोजायचं. २-३ सौम्य, ४-५ मध्यम, ६ आणि वर तीव्र. निकष वाचून दाखवू नका, प्रसंग विचारा. "होतं का असं?" ला हो आलं की लगेच "शेवटचं कधी झालं, सांगा बरं". प्रसंग नसेल तर टिक नाही.

पहिले चार ताबा सुटण्याचे. एकच म्हणून बसलो आणि बाटली संपली, असं होतं का. कमी करायचं ठरवून किती वेळा फसलं. आणणं, पिणं, उतरणं यात दिवसाचा किती वेळ जातो, रविवार अख्खा जातो का. आणि तल्लफ, म्हणजे संध्याकाळी सात वाजले, त्या वळणावर आलं की गाडी आपोआप वळते का.

पुढचे तीन संसार आणि कामाचे. जबाबदारी चुकणं, घरात भांडणं होत असूनही चालू ठेवणं, आणि आधीच्या आवडीच्या गोष्टी सुटणं. इथे फसायला होतं. वर्क फ्रॉम होममध्ये कोणाला वास येत नाही, आणि घरी बायको सगळं सांभाळून घेते, शाळेची फी, सासूची औषधं, बॉसला "त्यांना ताप आहे" असा फोन सुद्धा तीच करते. नोकरी शाबूत आहे म्हणून निकष नाही असं लिहू नका, ती नोकरी कोण टिकवतंय ते विचारा. तिसऱ्याला मी विचारते की दर रविवारी सिंहगड चढायचात तो कधी बंद झाला.

मग दोन धोक्याचे. पिऊन कात्रजच्या घाटातून बाईकवर घरी येणं, प्रेस मशीनवर नशेत उभं राहणं. आणि लिव्हर खराब झालंय किंवा डिप्रेशन वाढतंय हे माहीत असूनही घेणं, यात "माहीत असून" महत्त्वाचं, कोणी सांगितलंच नसेल तर तो निकष लागत नाही.

शेवटचे दोन शरीराचे, टॉलरन्स (तेवढ्याच नशेला जास्त लागणं) आणि विड्रॉवल. टॉलरन्सला "पूर्वी किती लागायची, आता किती लागते" विचारा. ब्रेथ ॲनालायझरवर रक्तातलं प्रमाण १०० मिलीला २०० मिलिग्रॅमच्या घरात दिसतंय (गाडी चालवायला आपल्याकडे मर्यादा ३० आहे) आणि माणूस सरळ चालत येऊन नीट पत्ता सांगतोय, तर टॉलरन्स तुमच्या समोर बसलाय. विड्रॉवलला "सकाळी उतारा लागतो का" हा प्रश्न दहा प्रश्नांचं काम करतो.

तीन सूट लक्षात ठेवा: डॉक्टरने लिहून दिलेलं औषध सांगितल्याप्रमाणेच घेत असेल तर टॉलरन्स आणि विड्रॉवल मोजायचे नाहीत, कॅन्सरच्या आजोबांना मॉर्फिनसाठी ॲडिक्ट ठरवू नका. सोल्यूशन हुंगणाऱ्या मुलांमध्ये डीएसएम विड्रॉवलचा निकष लावत नाही. आणि पोलीस केस झाली हा निकष आता नाहीच, डीएसएम-५ ने तो काढून तल्लफ घातली, तरी अजून जुन्या नोट्सवरून लोक लिहितात.

प्रत्येक पदार्थाचे अकरा वेगळे मोजा. दारू, तंबाखू, गांजा तिन्ही असतील तर तीन निदानं. "पॉलिसबस्टन्स" असं एक मोघम लेबल डीएसएम-५ मध्ये नाही.

## टप्पा ५: रिपोर्ट, आणि ते काय सांगत नाहीत

युरिन टेस्ट चोरून करू नका. आई म्हणते "बाथरूममधून आणते सॅम्पल, त्याला कळणार नाही". कळतं. आणि मग तो परत येत नाही. पेशंटला सांगा, हो म्हणाला तर करा, आणि करण्याआधी विचारा "काय निघेल असं वाटतं?", निम्मं काम तिथेच होतं.

साधी स्ट्रिप टेस्ट एवढंच सांगते की पदार्थ अलीकडे शरीरात गेला. किती घेतला, ताबा सुटलाय का, ते नाही. रोज गांजा ओढणाऱ्याची लघवी बंद केल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे "काल ओढला" असं नाही. उलट बाजूने, ओपिएट स्ट्रिपवर ट्रामाडोल, टॅपेन्टाडोल सहसा दिसत नाहीत, आणि पुण्यात आता सारखं कानावर येणारं एमडी म्हणजे मेफेड्रोन बऱ्याच नेहमीच्या पॅनेलवर भरवशाने पकडलं जात नाही. निगेटिव्ह रिपोर्ट बघून बाप पेढे वाटतो आणि मुलगा एमडीवर असतो. इतर औषधांमुळे खोटं पॉझिटिव्ह पण येतं, त्यामुळे नोकरी, कोर्ट, कॉलेज असं काही अडकलेलं असेल तर कन्फर्मेटरी टेस्टशिवाय कागदावर काही लिहू नका. सॅम्पल ताजं आणि कोमट आहे का, क्रिएटिनिन फारच कमी नाही ना, हे बघा, नळाचं पाणी सुद्धा निगेटिव्हच येतं.

दारूसाठी जीजीटी (लिव्हरचं एन्झाइम), एमसीव्ही (तांबड्या पेशींचा आकार), एएसटी-एएलटी या लिव्हरच्या एन्झाइम्सचं प्रमाण उपयोगी, पण पाठिंबा म्हणून. एएसटी हे एएलटीच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर संशय घ्या. जीजीटी फॅटी लिव्हरने आणि काही औषधांनी पण वाढतं. एमसीव्ही खाली यायला काही महिने लागतात. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेला तिशीतला तीव्र डिपेंडन्सचा पेशंट मी दर आठवड्याला बघते. लिव्हर चांगलं आहे, एवढंच त्यातून कळतं. पेशंट मात्र तो रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवतो.

## टप्पा ६: दारूमुळे डिप्रेशन की डिप्रेशनमुळे दारू

घाईत सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. तिसऱ्या टप्प्यातला दोन रंगांचा कागद काढा आणि तीन गोष्टी बघा. पहिलं काय सुरू झालं. आजवर सगळ्यात लांब बंद कधी होतं आणि त्या काळात मूड किंवा भास कसे होते. घरात कोणाला काही आजार आहे का.

जोरात पिणाऱ्या माणसाचं डिप्रेशन बंद केल्यावर पुष्कळ वेळा दोन ते चार आठवड्यांत बरंच खाली येतं, म्हणून शक्य असेल तर तेवढं थांबून पक्कं निदान करा. पण हा नियम डोक्यावर मारू नका. आधी दारू नसतानाही डिप्रेशनचे झटके आलेत, किंवा जीव द्यायचे विचार आहेत, तर चार आठवडे वाट बघणं म्हणजे बेजबाबदारपणा. आत्महत्येचा प्रश्न प्रत्येक भेटीत, सरळ शब्दांत विचारा. रात्री-अपरात्रीसाठी घरच्यांच्या फोनमध्ये टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४४४६ सेव्ह करून द्या.

गांजा आणि भास-संशय याचंही तेच. परगावाहून शिकायला आलेला, कोथरूडला कॉट बेसिसवर राहणारा मुलगा, रूममेट आपल्याबद्दल बोलतात असं वाटतंय, खिशात गांजा. पहिल्या दिवशी "स्किझोफ्रेनिया" लिहू नका आणि "नुसता गांजाचा परिणाम" असंही लिहू नका, दोन्ही आळशीपणा आहे. उपचार लगेच सुरू करा, निदानापुढे "प्रोव्हिजनल" लिहा. नशा आणि विड्रॉवल संपल्यावर साधारण महिन्याच्या पुढेही लक्षणं तशीच राहिली तर स्वतंत्र सायकोसिसचा विचार करा. मात्र तो महिना खरंच बिनगांज्याचा होता ना ते तपासा, नाहीतर तुम्ही गांजा चालू असतानाचा महिना मोजताय.

## टप्पा ७: कागदावर काय लिहायचं

कोणतं पुस्तक वापरताय ते लिहा आणि मिसळ करू नका. आयसीडी-१० (डब्ल्यूएचओची आजारांची यादी) मध्ये सहापैकी तीन गोष्टी वर्षभरात एकत्र असतील तर डिपेंडन्स. आयसीडी-११ (१ जानेवारी २०२२ पासून लागू) मध्ये तीनपैकी दोन: ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी तोच पदार्थ येणं, आणि शरीराची लक्षणं, १२ महिने, किंवा रोजचं सेवन असेल तर ३ महिने पुरतात. त्यामुळे एकच माणूस डीएसएममध्ये सौम्य डिसऑर्डर आणि आयसीडी-१० मध्ये डिपेंडन्स नाही, असं होऊ शकतं, त्यात कोणी चुकलेलं नसतं.

कोड इंटरनेटवरून उचलू नका. अमेरिकेचा सुधारित आयसीडी-१० वेगळा आहे, त्यात एफ१०.२१ म्हणजे रिमिशन (आजाराची लक्षणं थांबलेली), आणि डब्ल्यूएचओच्या मूळ यादीत तोच कोड म्हणजे सुरक्षित ठिकाणी असल्यामुळे सध्या बंद. केंद्रात ॲडमिट असलेल्या माणसाला चुकून "बरा झालाय" असं सर्टिफिकेट दिलेलं मी पाहिलंय, फक्त या कोडच्या घोळामुळे.

रिमिशन लिहायचं तर डीएसएमप्रमाणे ३ महिने पूर्ण झाल्यावर आणि १२ महिन्यांच्या आत "अर्ली", १२ पूर्ण झाले की "सस्टेन्ड", त्या काळात तल्लफ सोडून बाकी एकही निकष बसता कामा नये. येरवड्याला जेलमध्ये किंवा एखाद्या केंद्रात असताना बंद असेल तर "कंट्रोल्ड एन्व्हायर्नमेंट" जोडा.

"अल्कोहोलिक", "ॲडिक्ट", "बेवडा" यातलं काहीही केसपेपरवर नको. माणसाच्या नावापुढे आजार लिहा. निदान सांगताना पण लेबलने सुरुवात करू नका, त्याचेच शब्द त्याला परत द्या: "दादा, तुम्हीच सांगितलंत की कप दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि एकावर थांबता येत नाही. याला आम्ही अमुक म्हणतो." बहुतेक जण इथे वाद घालत नाहीत कारण वाद घालायचा तर स्वतःशीच घालावा लागेल. घातला तरी चालेल, निदान पटवून घेणं आजच्या आज व्हायलाच पाहिजे असं नाही. एनडीपीएसच्या (अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या) भीतीने गप्प बसलेला असेल तर सांगा की स्वतःहून उपचाराला आलेल्यासाठी त्या कायद्यात कलम ६४-ए चं संरक्षण आहे, तपशील मात्र वकिलाला विचारायला लावा.

त्या रिक्षावाल्या दादांच्या केसपेपरवर मी शेवटी हे लिहिलं:

"अल्कोहोल यूज डिसऑर्डर, तीव्र, ११ पैकी ७, डीएसएम-५. रोज साधारण ९ स्टँडर्ड ड्रिंक. शेवटचं सेवन काल रात्री ११, क्वार्टर. विड्रॉवल गेली तीन श्रावणं, फिट किंवा भास कधीच नाहीत. तंबाखू यूज डिसऑर्डर, मध्यम. अल्प्राझोलाम फक्त श्रावणात ५-६ दिवस, निकष बसत नाहीत, लक्ष ठेवणे. मूड उदास, स्वतंत्र निदान राखून ठेवले, चार आठवड्यांनी पुन्हा बघणे. माहिती: पेशंट, आणि त्याच्या परवानगीने पत्नी, वेगळी भेट. एकट्याने अचानक बंद करू नये हे दोघांना सांगितले. परवा सकाळी बोलावले, रिक्षा चालवत येऊ नये."

परवा सकाळी ते आले. रिक्षा मेहुणा चालवत होता.